आधी आकार, मग नाव

शाळेत ऊतींचा धडा बहुधा तक्त्याने सुरू होतो. डावीकडे ऊतीचे नाव, उजवीकडे कार्य. मुले तो घोकतात आणि परीक्षा झाली की विसरतात. म्हणून मी तक्ता शेवटी ठेवते. आधी सूक्ष्मदर्शक.

चूळ भरायची, टूथपिकच्या बोथट टोकाने गालाच्या आतून हलकेच खरवडायचे, ते काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायचे, त्यावर मिथिलीन ब्लू. मग कव्हरस्लिप तिरकी टेकवून अलगद सोडायची. घाई केली की बुडबुडे अडकतात आणि त्यांचे काळ्या कडांचे गोल पाहून मुले ओरडतात, ‘बाई, पेशी दिसली!’ खरी पेशी पातळ, चपटी, वाकड्यातिकड्या कडांची. मधोमध केंद्रकाचा निळा ठिपका. कित्येकींच्या कडा दुमडलेल्या असतात.

इथे मी एवढेच विचारते, ‘खरवडलंत, पण दुखलं का? रक्त आलं?’ मग डोकी चालू लागतात. गालाच्या आत अशा पेशींचे थरावर थर असतात. भाकरीचा कडक पापुद्रा घासला की वरच्या पेशी निघून जातात, खालून नव्या वर येतात. त्या अस्तरात रक्तवाहिन्या नसतातच. झिजून जाणे हेच तिथल्या वरच्या पेशींचे काम. फुप्फुसाच्या वायुकोशातही पेशी चपट्याच, पण थर एकच, कारण तिथे ऑक्सिजनला आरपार जायचे असते. हा फरक मुलांनी आपणहून सांगितला की मला फार आनंद होतो.

मटणाचा तंतू सुईने विलग करून आडवे पट्टे दाखवायला वेळ लागत नाही.

तांबड्या पेशींवर मात्र मी रेंगाळते. माणसाच्या रक्ताच्या तयार स्लाइडवर पेशी दोन्ही बाजूंनी अंगठ्याने दाबलेल्या पेढ्यासारखी, केंद्रकाविना. मुले चटकन सांगतात, ‘हिमोग्लोबिनला जागा व्हावी म्हणून!’ जागा होते खरी, पण अशा पेशीला स्वतःची डागडुजी करता येत नाही; सुमारे 120 दिवसांत ती संपते. मग मी शेजारी बेडकाच्या रक्ताची स्लाइड ठेवते. पेशी लंबगोल, आणि केंद्रक ठसठशीत.

‘बेडूक थंड रक्ताचा, त्याला ऑक्सिजन कमी लागत असेल,’ कुणीतरी म्हणते.

‘कोंबडीच्या तांबड्या पेशीतही केंद्रक असतं,’ मी सांगते, ‘आणि ती तर गरम रक्ताची.’

तास संपल्याची घंटा झाली तरी त्यांचा वाद थांबत नाही.