भूमीची भाषा : लेखांक ७
उन्हाळ्यातलं घर, हिवाळ्यातलं घर

गेल्या आठवड्यात नद्यांच्या नावांकडे पाहिलं. आज शेतांच्या नावांकडे वळू. त्यासाठी इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये जायचं आहे. इथली जुनी कॉर्निश भाषा वेल्श आणि ब्रेटनची सख्खी बहीण. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती घराघरांतल्या बोलण्यातून गेली, पण तिने शेतांना आणि वाड्यांना दिलेली नावं टिकली. मध्ययुगीन शेतकऱ्याचं वर्ष कसं जाई, हे त्या नावांतून कळतं.

सर्वांत जास्त दिसतो तो ‘त्रे’ हा शब्द. त्याचा अर्थ शेतवाडी. त्याने सुरू होणारी हजाराहून अधिक नावं कॉर्नवॉलमध्ये आहेत. त्याला ‘हेन’, म्हणजे जुना, हा शब्द जोडला की ‘हेंद्रा’ होतं : मूळ घर, जिथे कुटुंब हिवाळा काढी. याची जोडी ‘हावोस’ : ‘हाव’ म्हणजे उन्हाळा, ‘बोस’ म्हणजे राहण्याची जागा. उन्हाळ्यात गुरं उंचावरच्या माळांवर नेत, तिथला हा मुक्काम. पुढे लोकवस्ती वाढली आणि बॉडमिन मूरसारख्या माळांवरही कायमची शेतघरं उभी राहिली. गुरांची ती ये-जा थांबली, तरी नावांनी तिची आठवण धरून ठेवली. ‘लेटी’ नावाच्या वाड्या दुधाच्या कामाची खूण सांगतात. मुळात तो शब्द दूधघराचा.

नांगराची कहाणीही नावांत आहे. ‘ग्वेल’ म्हणजे मोठं, उघडं शेत. त्यात अनेकांचे लांबट पट्टे शेजारी-शेजारी असत. बॉसकासलजवळच्या फोराबरी इथे असे पट्टे आजही पाहायला मिळतात. इतरत्र बहुतेक ठिकाणी पट्टे एकत्र करून त्यांना बांध घातले गेले. अशा बंदिस्त शेताला ‘पार्क’ म्हणू लागले. म्हणून आज बांधांनी तुकडे पडलेल्या रानाच्या नावात ‘ग्वेल’ भेटला, तर तिथे पूर्वी सामाईक उघडं शेत असावं, असा माग लागतो. गूनहॅवर्न या गावाच्या नावात ‘गून’ म्हणजे माळ आणि ‘हावर’ म्हणजे उन्हाळ्यात नांगरून पड ठेवलेली जमीन. आपण निव्वळ चराऊ समजतो तो माळही अधूनमधून नांगराखाली येत होता, हे या एका नावातून समजतं.

अशा वाचनाला शिस्त लागते. इंग्रजी कानांनी ऐकताना आणि लिहिताना नावांची रूपं बदलली, त्यामुळे सर्वांत जुनी नोंद शोधावीच लागते. ऑलिव्हर पेडल यांनी १९८५ मध्ये कॉर्निश स्थळनामांच्या घटकांचा कोश काढून या अभ्यासाला भक्कम पाया दिला. दुसरा मोठा आधार १८३६ च्या कायद्यानंतर तयार झालेल्या धर्मकराच्या नकाशांचा. त्यांच्या जोडपत्रकांत शेतागणिक नावं लिहिली गेली. तोवर ती सांगणारे शेतकरी इंग्रजी बोलत होते, तरी रोजच्या कामासाठी जुनीच नावं वापरत होते.

राजांच्या सनदा दफ्तरखान्यात जपल्या गेल्या; गुराखी आणि नांगऱ्यांचा इतिहास मात्र बोलण्यातून पुढे आला. म्हणून शेताचं नाव बदलण्याआधी किंवा विसरण्याआधी ते टिपून ठेवणं हे इतिहासाचंच काम आहे.

पुढील लेखांकात : बांध कोणी घातले, आणि त्यांचं वय कसं ओळखतात?