लूकचे पदक आणि विटांच्या खेळण्यांची पुस्तके

विटांच्या खेळण्यांची संग्राहकांसाठी काढलेली सचित्र मार्गदर्शके हा प्रकाशनाचा तसा अलीकडचा प्रकार. सिनेमावर किंवा कथामालिकेवर बेतलेले लेगोचे संच, त्यांचे क्रमांक, बाजारात आल्याचे वर्ष, तुकड्यांची संख्या आणि संचातल्या प्रत्येक छोट्या बाहुल्याचे रेघा ओढून केलेले वर्णन, असा ऐवज त्यांत असतो. ही पुस्तके वाचायची कमी आणि ताडून पाहायची जास्त. सुरतेतल्या भेस्तान-पांडेसरा पट्ट्यात कापडाच्या धंद्यात मुरलेल्या खानदेशी माणसाला ही रीत नवखी वाटणार नाही. तिथल्या बाजारात साड्यांचा कॅटलॉग छापतात, प्रत्येक नगाला डिझाइन नंबर असतो आणि ठोक व्यापारी पूर्ण सेटच उचलायला लावतो. लेगोच्या पुस्तकांमागचे गणितही हेच: पानावर सेट पुरा दिसला की घरातला अपुरा सेट सलू लागतो.

लेगोच्या आजच्या विटेच्या पेटंटचा अर्ज 28 जानेवारी 1958 रोजी दाखल झाला आणि हातपाय हलवणारा छोटा बाहुला 1978 मध्ये आला. त्या काळातली कंपनीची पुस्तके संग्राहकांसाठी नव्हती. 1980 च्या 6000 क्रमांकाच्या ‘आयडिया बुक’मध्ये दोन बाहुल्यांच्या भटकंतीच्या निमित्ताने काय काय बांधता येईल ते दाखवले होते. वीट तीच, रूपे हवी तेवढी. 1999 मध्ये ‘स्टार वॉर्स’चे संच आले आणि हे उलटले. आता यानाचे रूप सिनेमाने ठरवलेले होते; त्याला नाव होते, चालक होता, पूर्वकथा होती. बरोबर रूप एकच ठरले की वस्तूची सूची करता येते. संग्राहकांच्या मार्गदर्शकाची जमीन अशी तयार झाली.

पुस्तकाचा घाट मात्र लेगोने घडवला नाही. तो डेव्हिड वेस्ट रेनॉल्ड्स या पुरातत्त्वज्ञाकडून आला. मिशिगन विद्यापीठातून पुरातत्त्वशास्त्रात डॉक्टरेट घेतलेला हा माणूस 1995 मध्ये ट्युनिशियात गेला तो रोमन अवशेषांसाठी नव्हे. 1976 मध्ये तिथे ‘स्टार वॉर्स’चे चित्रण कुठे कुठे झाले, त्या जागा त्याला हुडकायच्या होत्या. त्याने त्या शोधल्या आणि त्यावर लिहिले. पुढे लुकासफिल्मचे दार त्याच्यासाठी उघडले. 1998 मध्ये डीके या ब्रिटिश प्रकाशनाने त्याचा ‘स्टार वॉर्स: द व्हिज्युअल डिक्शनरी’ हा ग्रंथ काढला. पांढऱ्या पार्श्वभूमीवर स्वच्छ छायाचित्र आणि भोवती नेमक्या नोंदी, ही डीकेची शैली 1988 पासूनच्या ‘आयविटनेस’ मालेने रुळवलेली होती. रेनॉल्ड्सने तीत उत्खननातली शिस्त आणली. सिनेमात क्षणभर दिसणाऱ्या पट्ट्याला, बटणाला, शस्त्रालाही त्याने नाव आणि उपयोग दिला. कल्पित वस्तूंची इतक्या गांभीर्याने केलेली नोंद हेच त्या पुस्तकाचे खरे यश.

तोच साचा 2009 मध्ये लेगोकडे आला. सायमन बीक्रॉफ्टचे ‘लेगो स्टार वॉर्स: द व्हिज्युअल डिक्शनरी’ संचांच्या दहाव्या वर्षी निघाले. त्याच्यासोबत लूक स्कायवॉकरचा बाहुला होता. पहिल्या सिनेमाच्या शेवटी मिळालेले पदक त्याच्या गळ्यात होते आणि तो संचांत मिळत नव्हता. 2011 मध्ये ‘कॅरेक्टर एन्सायक्लोपीडिया’ आला, त्यासोबत पदक घातलेला हान सोलो. पदके देणारी राजकन्या लेआ समारंभाच्या पोशाखात मिळाली ती 2012 च्या 9495 क्रमांकाच्या वाय-विंग संचात. म्हणजे सिनेमातला एक प्रसंग मांडायला दोन पुस्तके आणि एक यान! संग्रहाची नोंद ठेवणारे पुस्तक असे स्वतःच संग्रहात नोंदवायची वस्तू झाले. बाहुला काढून घेतलेली प्रत वाचकाला पुरते, संग्राहकाला अपुरी वाटते. 2019 च्या नव्या आवृत्तीसोबत फिनचा बाहुला देऊन ही प्रथा पुढे चालू राहिली.

ही पुस्तके देखणी आणि बहुतांशी अचूक आहेत, पण ती मालक-कंपनीच्या परवानगीने निघतात. त्यामुळे संग्राहकाला सगळ्यात आधी हवी असलेली माहिती, म्हणजे जुन्या बाजारातला भाव, त्यांत नसते. 2003 च्या 10123 क्रमांकाच्या ‘क्लाउड सिटी’ संचातल्या बोबा फेटच्या हातापायांवर छपाई होती. तेवढ्यामुळे तो बाहुला पुढे फार महाग झाला. असा तपशील कळायला स्वतंत्र सूची लागते. जर्मनीत फँटाजिया प्रकाशनाने 2008 मध्ये ‘लेगो कलेक्टर’ काढले, ते या जातीचे. त्यात डीकेची चमक नाही. पण संग्राहकाच्या कामाचे पुस्तक तेच.

भारतात हा छंद महाग आहे. खेळण्यांवरचे आयात शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झाले आणि 2023 मध्ये 70 टक्के. मोठा संच परवडत नाही तिथे पुस्तकासोबतचा एकुलता बाहुला हीच अनेकदा संग्रहाची सुरुवात ठरते.

इथल्या खेळण्यांची मात्र अशी सूची होणे बाकी आहे. गोव्यात कारखाना असलेल्या फनस्कूलने बनवलेले जी. आय. जोचे सैनिक रंगांच्या निराळ्या मेळामुळे परदेशी संग्राहक आवर्जून शोधतात. त्यांचा मागोवा चिकाटीने घेतला तोही मुख्यतः परदेशी हौशींनी. झेफिरच्या ‘मेकॅनिक्स’ संचांनी मराठी घरांतल्या किती मुलांच्या हाती पहिला पाना दिला. त्यांच्या पुस्तिका पत्र्याच्या डब्यांत आणि माळ्यावर पडून आहेत. खोके, किमतीचे लेबल आणि सूचनापत्रक हीच भावी सूचीची साधने आहेत. दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत घालू नयेत. निदान क्रमांक आणि वर्ष टिपून, छायाचित्र काढून ठेवावे.