शिरोरेषा सरळ आली पाहिजे

सकाळी ६.३०

पहिला तास कागदाचा. बोरू, काळी शाई आणि जुन्या वर्तमानपत्रांचे ताव. पुस्तकांची शीर्षकं काढणं, मुखपृष्ठांवरची अक्षरं जमवणं, मधूनमधून मुलांच्या गोष्टींना चित्रं काढणं हा माझा धंदा, आणि त्यातलं जवळजवळ सगळं काम आता टॅबवर होतं. तरी सकाळ बोरूचीच. काचेवरचं पेन कुठे फसवतं हे ओळखायचं तर खरी रेघ रोज हाताखालून गेलेली बरी.

बोरूला दाबाचं फारसं काही पडलेलं नसतं. टोक तिरकं कापलेलं असतं, तो काप कागदावर कोणत्या कोनात टेकवला यावर रेघ जाड येणार की बारीक हे ठरतं. इंग्रजी कॅलिग्राफीच्या निबेचा काप याच्या उलट दिशेचा, म्हणून ती निब देवनागरीला लावली की अक्षरांचं वजन भलतीकडेच जातं. हे सांगायचं कारण, टॅबच्या पेनांची जाहिरात मात्र दाबावरच चालते. एका खोक्यावर दाबाच्या ४०९६ पातळ्या, दुसऱ्यावर ८१९२. दोन्ही पेनं मी वापरली आहेत. डोळे बांधून हातात दिली तर या आकड्यांतला फरक मला सांगता येणार नाही, आणि सांगता येणारा माणूसही अजून भेटलेला नाही.

सकाळी ९.३०

अप्पा बळवंत चौक. प्रकाशकांकडे बैठक. इथे आयपॅड आणत नाही. सॅमसंगचा टॅब एस ६ लाइट आणते. स्वस्तातला आहे, पेन खोक्यातच येतं आणि मुख्य म्हणजे लिहिण्यासाठी त्या पेनाला चार्जिंग लागतच नाही.

कसं, तर पडद्याखाली तारांची एक जाळी असते. ती चुंबकीय क्षेत्र सोडते. पेनात बारीक वेटोळं असतं, ते त्या क्षेत्रातूनच ऊर्जा घेतं आणि उलट उत्तर देतं. पेन कुठे आहे, किती दाबलंय, किती कललंय हे टॅबला त्या उत्तरातून कळतं. हे तंत्र वॅकॉम या १९८३ साली स्थापन झालेल्या जपानी कंपनीचं. सॅमसंगने २०११ च्या गॅलेक्सी नोटमध्ये ते खिशात आणलं. किंडल स्क्राइबचं पेनही याच जातीचं. ॲपलची गोष्ट वेगळी. स्टीव्ह जॉब्स यांनी २००७ साली आयफोन दाखवताना स्टायलसची भर सभेत टर उडवली होती, आणि त्याच कंपनीने २०१५ साली पेन्सिल बाजारात आणली. धंद्यात असं चालतंच.

बैठकीत माझं लक्ष अक्षराकडे नसतं, बोलण्याकडे असतं. संपादक बाई म्हणाल्या, "ताई, शीर्षक ठसठशीत हवं, पण अंगावर येऊ नये." हे मी जसंच्या तसं लिहून घेतलं. अशी वाक्यं नंतर बिलाच्या वेळी उपयोगी पडतात. या टॅबचा पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, महागड्या टॅबचा १२० वेळा. इथे रेघ टोकाच्या किंचित मागे राहते, पण नोट्स घेताना ते कोण बघतं? तळहात काचेवर टेकवला तरी नको त्या रेघोट्या उमटत नाहीत, पेन हातात घेतलं की उमटू लागतं. जोडणी करा, बॅटरीचा टक्का बघा, काही नाही. नोट्ससाठी मला याहून चांगलं पेन माहीत नाही, आणि ही शिफारस मी बिनदिक्कत करते.

एक पथ्य मात्र आहे. चुंबकाचं कव्हर मागे दुमडून लिहिलं की काही ठिकाणी रेघ सरकते. पेनाचा दोष नसतो, कव्हरमधलं चुंबक जाळीच्या कामात लुडबूड करत असतं. कव्हर काढा, रेघ जागेवर येते.

सकाळी ११.००

घरी, टेबलाशी. आता खरं काम. चार अक्षरी शीर्षक, त्यात एक 'ळ' आणि शेवटी वेलांटी. टॅब आयपॅड प्रो, पेन ॲपलची पेन्सिल प्रो, ॲप प्रोक्रिएट.

हे पेन मे २०२४ मध्ये आलं. त्याच्या जाहिरातीत चिमटीत दाबलं की मेनू उघडतो, हाताला हलका ठोका जाणवतो, हरवलं तर शोधता येतं, असं पुष्कळ काही होतं. माझ्या कामाची गोष्ट एकच: पेन बोटांत फिरवलेलं त्याला कळतं. आत जायरोस्कोप आहे. बोटांनी पेन स्वतःभोवती जरा वळवलं की पडद्यावरच्या चपट्या निबेचा कोनही तेवढाच वळतो. बोरू वापरणारा माणूस नकळत हेच करत असतो. 'ळ'च्या दुसऱ्या गोलातून बाहेर पडताना, वेलांटीचा शेवट निमुळता करताना हात बोरू हलकेच फिरवतो. आधीच्या पेन्सिलींमध्ये कोन बदलायचा तर पेन ज्या दिशेला कलवलं त्यावरून ॲप अंदाज बांधायचं. म्हणजे निब वळवायची तर मनगट वाकवायचं. तासाभरात खांदा भरून यायचा, आणि अक्षर वाकलेल्या मनगटाचं दिसायचं.

शिवाय पेन काचेच्या जरा वर धरलं की निबेची सावली पडद्यावर आधीच दिसते. टेकवायच्या आत कोन तपासता येतो. ही सोय बोरूतही नाही, हे मान्य केलं पाहिजे.

फिरवणं कळणारं हे पहिलं पेन मात्र नव्हे. वॅकॉमचं आर्ट पेन कितीतरी वर्षं आधीपासून ते करत आलंय. माझ्या खणात एक आहे, जुन्या इंट्युओस प्रोच्या काळ्या पाटीबरोबरचं. त्याने काढलेली शीर्षकं आजही दुकानात दिसतात. पण पाटीवर हात एकीकडे चालतो आणि डोळे संगणकाच्या पडद्यावर असतात. चित्राला ही सवय होते. अक्षरासाठी माझ्या हाताला ती कधीच झाली नाही.

मग शिरोरेषा. ती सगळ्यात शेवटी, एका ओढीत, सावकाश. ॲपलची पेन्सिल, मायक्रोसॉफ्टच्या सरफेसचं पेन आणि बाजारातली बरीच बॅटरीवाली पेनं आपल्या टोकातून काचेला विजेचे संकेत देतात. काचेखालच्या संवेदकांच्या ओळी एकमेकींपासून काही मिलिमीटर लांब असतात, मधली जागा गणिताने भरली जाते. पेन भरभर चाललं तर चूक दिसत नाही. हळू आणि तिरपं चाललं की सरळ रेघेत बारीक लाटा येतात. शिरोरेषा तर आडवी, तिला काय त्रास? तर आपण वही कधी सरळ ठेवून लिहितो? जरा तिरकी ठेवतो, टॅबही तसाच ठेवतो. अक्षराच्या हिशेबात आडवी असलेली शिरोरेषा काचेच्या हिशेबात तिरपी होते, आणि पेनाच्या परीक्षेतला सगळ्यात अवघड प्रश्न आपण प्रत्येक शब्दाला त्याला विचारत राहतो. चांगल्या पेनात या लाटा जवळजवळ जाणवत नाहीत, स्वस्तातल्या पेनात शिरोरेषा शहारल्यासारखी दिसते. ॲपमध्ये रेघ गुळगुळीत करण्याची सोय असते. मी ती शिरोरेषेपुरती थोडी वाढवते, पण फार वाढवली की रेघ टोकाच्या मागून फरफटत येते आणि अक्षरात माझा हात उरत नाही.

शीर्षक पावणेदोनला झालं. ठसठशीत आहे. अंगावर येतं का, ते संपादक बाई ठरवतील.

दुपारी १.४५

पोळीभाजी. पेन आयपॅडच्या कडेला चुंबकावर चिकटलेलं, तिथेच चार्ज होतं.

दुपारी २.३०

मुलांच्या गोष्टीतली शेळी. आता दाबाची बाजू घेते, कारण इथे तो लागतो. शेळीच्या पोटाखालची छाया पेन कलवून, दाब कमी-जास्त करत काढायची असते. पण इथेही पातळ्यांचा आकडा फसवाच. खरा प्रश्न असतो पहिली खूण उमटायला किती जोर लावावा लागतो. काही पेनं नुसत्या टेकण्याने बोलू लागतात, काहींना जरा रेटावं लागतं, आणि हा जोर खोक्यावर कुणी छापत नाही. दाबाचा आलेख ॲपमध्ये बदलता येतो. माझा हात हलका, म्हणून मी तो सुरुवातीला चढा ठेवते.

काच ही दुसरी अडचण. सॅमसंगच्या पेनाचं टोक मऊसर आहे, ते काचेला धरून चालतं. ॲपलचं टोक कडक, घसरतं आणि टकटक वाजतं, रात्री घरच्यांना ऐकू जाईल इतकं. त्यावर उपाय म्हणून कागदासारखा खरखरीत पडदा मिळतो. हाताला फार बरं वाटतं. पण त्यावर टोकं झिजतात आणि रंग किंचित दाणेदार दिसतात. अक्षरांच्या दिवसात मी तो लावते, रंगकामाला काढून ठेवते. शेळी अर्धी झाली, शिंगं उद्या.

दुपारी ४.३०

शिकायला मुली येतात. सोबत वरच्या मजल्यावरचा, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा आला होता. त्याला पेन घ्यायचं होतं.

पहिलीकडे साधा आयपॅड आणि यूएसबी-सी असलेली ॲपलची पेन्सिल. भारतात आली तेव्हा तिची किंमत ७,९०० रुपये होती, प्रोची ११,९०० रुपये.

"मॅम, दाबलं तरी रेघ जाड होत नाही. बिघडलीय का?"

"बिघडली नाही गं. तिच्यात दाब नाहीच. कलवलेलं तेवढं कळतं."

नाव तेच, रूप तसंच, त्यामुळे हे दुकानात लक्षात येत नाही. आधीच्या, पहिल्या पिढीच्या पेन्सिलीत दाब आहे. चार प्रकारच्या पेन्सिली आहेत, आणि दुसऱ्या पिढीची पेन्सिल २०२४ च्या आयपॅड प्रोवर चालत नाही, प्रो पेन्सिल जुन्या आयपॅडवर चालत नाही. आपल्या आयपॅडचं नेमकं वर्ष हातात घेऊन, कोणती पेन्सिल कशावर चालते याचा तक्ता बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. तिला चपटी निब दिली, कोन कायम ठेवला आणि म्हटलं, आता जाड-बारीक सगळं दिशेने आण. तासाभरात तिचा 'क' कालच्यापेक्षा बरा आला. बोरूच्या पद्धतीने काढायचं तर दाब नसल्याचं फारसं अडत नाही, हे तिच्याइतकंच मलाही नव्याने पटलं.

दुसरीचं पेन ऑनलाइन घेतलेलं, हजार-दीड हजारातलं. अशी पेनं २०१८ पासूनच्या आयपॅडवर चालतात, तळहात ओळखतात, दाब नसतो. आम्ही त्याची परीक्षा घेतली. काचेवर प्लास्टिकची फूटपट्टी तिरपी ठेवायची आणि तिच्या कडेने पेन अगदी हळू ओढायचं. पट्टी स्टीलची नको, पडदा तिला बोट समजतो. तिच्या रेघेत लाटा स्पष्ट दिसल्या. नोट्सना चालेल, शीर्षकाला नाही. शिवाय तिच्या साध्या आयपॅडची काच आणि चित्र यांच्यात फट आहे, टोक एका जागी आणि खूण जराशी बाजूला. एरवी कळत नाही, पण अनुस्वार देताना कळतं: टिंब अक्षरावर पडायचं ते शेजाऱ्याच्या डोक्यावर बसतं. रबरी बोंडाच्या पेनाबद्दल कुणी विचारलं नाही, बरं झालं. ते फक्त बोटाची नक्कल करतं. पानं सरकवायला ठीक, अक्षराला निरुपयोगी.

मुलाचा प्रश्न वेगळा होता. "ताई, उत्तरं लिहायचा सराव टॅबवर केला तर चालेल ना? कागद वाचेल."

त्याला यूपीएससी द्यायची आहे. मुख्य परीक्षा कागदावर, पेनाने लिहायची असते. काचेवर हात घसरतो, वेग वेगळा, पकड वेगळी, चुकलं तर दोन बोटांनी टिचकी मारून पुसता येतं. परीक्षेत ती टिचकी नाही. पीडीएफवर खुणा करायच्या, नकाशे काढायचे, टिपणं शोधायची, यासाठी पेनासकट येणारा साधा टॅब जरूर घे. उत्तरं मात्र वहीत लिही. त्याचा चेहरा उतरला, पण पैसे वाचले.

संध्याकाळी ७.१५

शीर्षक पाठवलं. उत्तर आलं: छान, पण अनुस्वार जरा खाली. खाली घेतला.

रात्री ९.००

उद्याचा ब्रश तयार करून ठेवते. मी वापरते त्या ॲपांत कॅलिग्राफीचे ब्रश पुष्कळ आहेत, पण चपटी निब रोमन अक्षरांच्या कोनात बसवलेली असते. नवीन मुलगी तोच ब्रश उघडते, 'अ' काढते, वजन भलतीकडे गेलेलं पाहते आणि आपल्या हाताला नावं ठेवते. कोन कुठे उलटवायचा हे कुणीतरी दाखवावं लागतं. मी माझ्याकडच्या मुलींना माझा ब्रश देते, पण तो माझ्या टेबलापुरताच.

र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल हा टंक विंडोज २००० बरोबर आयता आला, आणि ज्याने कधी टंकांचा विचारही केला नव्हता त्याच्या संगणकावरही मराठी दिसू लागलं. चित्रकलेची ॲपं बनवणाऱ्यांना तेवढंच सांगायचं आहे. पेनाला आता फिरवणं कळतं, पडद्यावर सावलीही दिसते. देवनागरीच्या कोनात कापलेला एक बोरू ब्रशांच्या यादीत आयता ठेवा. आणि तो येईपर्यंत, हे वाचणाऱ्यांपैकी कुणी अक्षरं काढत असाल, तर आपला उलटवलेला ब्रश स्वतःजवळ ठेवू नका, पुढच्याला द्या.