चुका पोटात घालणारी बाहुली
शिकाऊ परिचारिकेने पहिले इंजेक्शन कोणाला द्यायचे? रुग्णाला? तुमचा हात आपोआप मागे जाईल!

अमेरिकेतील हार्टफर्ड हॉस्पिटलच्या परिचारिका विद्यालयाने १९११ साली यावर तोडगा काढला. बाहुल्या बनवणाऱ्या मार्था चेस यांच्याकडून त्यांनी माणसाच्या उंचीची बाहुली करून घेतली. ‘मिसेस चेस’ला उचलणे, कुशीवर वळवणे असा सराव सुरू झाला. पुढे तिच्या दंडात इंजेक्शनचीही सोय झाली. १९६० मध्ये नॉर्वेचे खेळणी-उत्पादक आसमुंड लेर्दाल यांनी कृत्रिम श्वासोच्छ्वास शिकवणारी ‘अ‍ॅन’ आणली. आजच्या काही पुतळ्यांची तर छाती वरखाली होते, नाडी हाताला लागते. उपचार चुकला की शिक्षिका नाडी मंद करतात, नंतर चूक समजावतात आणि पुन्हा पहिल्यापासून सराव!

मग रुग्णालयात जायलाच नको का? तसे नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात प्रात्यक्षिकाचे निम्मे तास अशा सरावाला दिले, तरी विद्यार्थ्यांची तयारी कमी पडली नाही. पण उरलेले निम्मे तास ते रुग्णांजवळच होते. घाबरलेल्या आजींना धीर कसा द्यावा, हे त्यांच्या खाटेशी बसूनच कळते.