उशीखाली बोंबील!

मुलांनो, सकाळी तुमच्या अंथरुणात काय काय सापडतं? चादरीचा बोळा, धाकट्या भावाचा पाय, फार तर वाचता वाचता चुरगळलेलं पुस्तक! एका रविवारी मला काय सापडलं, सांगू? सुका बोंबील! तोही एक नाही, जबड्यात जबडा अडकवलेली अख्खी जोडी, माझ्या मुलाच्या उशीखाली!

शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. अभ्रे धुवायला काढावेत म्हणून उशी उचलली, तर मुंग्यांची ही लांबलचक रांग! आणि रांगेच्या टोकाला हे दोन पाहुणे.

आता हे इथे आले कसे? मी पडले शाळेतली बाई. उत्तर सापडल्याशिवाय मला चहासुद्धा गोड लागत नाही.

पहिला संशय कावळ्यावर. ट्रॉम्ब्याच्या कोळीवाड्यात वाळत घातलेल्या मासळीवर त्याचा डोळा असतोच. पण पावसामुळे खिडक्या बंद होत्या. दुसरा संशय मांजरीवर. पण मिळालेला बोंबील न खाता उशीखाली जपून ठेवणारी मांजर अजून जन्मायची आहे! मग बोंबील खाडीतून पोहत आला? तिसऱ्या मजल्यावर? तोही सुकलेला?

राहिले मुलाचे बाबा. मी विचारलं, "आंब्याची अढी घालतात, तशी तुम्ही बोंबलांची घातलीत का?" आंबा पेंढ्यात दडपला की त्यातून निघणारा इथिलीन वायू तिथेच कोंडतो आणि आंबा पिकतो. पण बोंबील कुठला पिकायला! "काहीतरीच काय!" म्हणून ते पुन्हा पेपरात शिरले.

तेवढ्यात पांघरुणातून आवाज आला, "आई, मीच ठेवलेत."

कोळीवाड्यातल्या मित्राने ते त्याला प्रेमाने आणून दिले होते. वर्गात दोघातिघांनी नाकं दाबली. "ई, वास मारतोय!" मित्राचा चेहरा एवढासा झाला. आमच्या चिरंजीवांनी बोंबील घेतले, पण गुपचूप दप्तरात कोंबले.

"अरे, मग मला का नाही दिलेस?"

"तूपण परवा बाजारात मावशींच्या पाटीजवळून जाताना नाकाला पदर लावलास की!"

बाईंची बोलती बंद! खरंच लावला होता. आणि वास कसला, हे मला ठाऊक असूनसुद्धा! समुद्री माशांच्या अंगात खाऱ्या पाण्यात तग धरायला मदत करणारं एक रसायन असतं. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथिलअमाइन करतात. तोच तो वास! लिंबाच्या, कोकमाच्या आंबटपणाने तो कमी होतो.

आणि बोंबील सुकवणं काय सोपं आहे? १०० ग्रॅम ताज्या बोंबलात ८५ ग्रॅमहून जास्त पाणीच असतं. म्हणून तो लवकर नासतो. कोळीवाड्यातल्या बायका दोन-दोन बोंबील जबड्यात अडकवून बांबूच्या वलांड्यांवर उन्हावाऱ्यात सुकवतात. पाणी गेलं की जिवाणूंचं काही चालत नाही. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की हीच बेगमी कामी येते. अन्न टिकवण्यावर आपल्या ट्रॉम्ब्यातल्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही संशोधन होतं. किरणांची प्रक्रिया केलेले आपले आंबे २००७ साली अमेरिकेला गेले. कोळीवाड्याची प्रयोगशाळा मात्र ऊन आणि वारा!

मुंग्यांनी उष्टावलेली ती जोडी खालच्या मांजरीला गेली. सोमवारी मुलाने मित्राला सगळं खरं सांगितलं. तो आधी गप्प बसला. मग खो खो हसत म्हणाला, "अरे वेड्या, बोंबील डब्यात ठेवतात, उशीखाली नाही!"

पुढच्या रविवारी तो आपल्या आईबरोबर आमच्याकडे आला. त्या माऊलीने बोंबील भाजून, लसूण-मिरची घालून अशी चटणी केली की भाकऱ्या कमी पडल्या. सोमवारी तीच चटणी मुलाने डब्यात नेली आणि मित्राशेजारी बसून डबा सर्वांदेखत उघडला. नाक दाबणाऱ्यांपैकी एकाने हळूच विचारलं म्हणे, "थोडी देतोस का रे?"

आणि मी? आता बाजारात पदर खांद्यावरच असतो.

काय मुलांनो, तुमच्या उशीखाली काय सापडलं तर आवडेल? लाडू? वडापाव? काहीही सापडो, ते कुणी आणि का ठेवलं, हे विचारल्याशिवाय फेकू मात्र नका हं!