रंग बदलणारी काच आणि तिच्या झाकलेल्या तारा

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. वीज हा विषयही त्यांच्याच खात्याकडे होता. स्वस्त व मुबलक विजेवाचून या देशाचे औद्योगिकीकरण होणार नाही, ही भूमिका त्यांनी १९४३ मध्ये धोरण समितीपुढे मांडली. हा इतिहास आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. परंतु तीच वीज भिंतीत शिरल्यावर कोठून कोठे जाते, याची जिज्ञासा मात्र विरळा. निवासी विद्यालयांतून आयटीआयच्या तारतंत्री शाखेकडे वळणाऱ्या मुलांसाठी हा विषय पोटापाण्याचा आहे. म्हणून येथे एका नव्या वस्तूच्या निमित्ताने त्याचा विचार करू.

विजेने रंग बदलणारी काच आता दूरची नवलाई राहिलेली नाही. एअर इंडियाकडे २०१२ पासून आलेल्या बोइंग ७८७ विमानांच्या खिडक्यांना सरकता पडदा नाही. बटण दाबले की काचच हळूहळू निळसर काळवंडते. टंगस्टन ऑक्साइडच्या पातळ थराचा असाच गुणधर्म सत्येंद्र देब या भारतीय वंशाच्या संशोधकाने १९६९ साली जगापुढे मांडला. अवघ्या काही व्होल्टचा एकदिश प्रवाह दिला की लिथियमसारखे आयन या थरात शिरतात आणि तो निळा होतो. प्रवाह उलटवला की ते परततात. रंग चढल्यावर तो टिकवण्यास फारशी वीज लागत नाही.

बाजारात ‘स्मार्ट फिल्म’ म्हणून मिळते ती जात निराळी. तिच्यात द्रवस्फटिकांचे सूक्ष्म थेंब असतात. सुमारे ५० ते ६५ व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह चालू असेपर्यंत ती पारदर्शक राहते आणि वीज जाताच दुधाळ होते. भारनियमन सोसलेल्या आपल्या जिल्ह्याला यातील गंमत सांगायला नको! शिवाय ही फिल्म प्रकाश विखुरते, उष्णता फारशी अडवत नाही. अहिल्यानगरच्या वैशाखात पश्चिमेच्या खिडकीला साधा छज्जा अधिक उपकारक, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन्ही जातींत काचेच्या कडेला तांब्याच्या बारीक पट्ट्या असतात आणि त्यांतून दोन तारा निघतात. खरी कसोटी येथून पुढे लागते. तारा चौकटीच्या खाचेतून न्यायच्या. पण पावसाचे पाणी निघून जाण्याची जी छिद्रे चौकटीच्या तळाशी असतात, तेथून नव्हे. शक्यतो वरच्या कोपऱ्यातून न्याव्यात. ॲल्युमिनियमची कापलेली कड सुरीसारखी असते, म्हणून तार जेथून आत शिरते त्या छिद्राला रबरी कडे बसवावे. उघडझाप करणाऱ्या झडपेत तार बिजागरीच्या बाजूने, लवचिक नळीतून, थोडी सैल सोडून न्यावी. सरकत्या खिडकीत हे साधणे अवघड. तेथे हा खटाटोप न केलेलाच बरा. कडा बुजवताना व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वापरू नये. त्यातील ॲसेटिक आम्ल तांबे आणि काचेवरील विद्युतवाहक थर दोन्ही खाते. त्याऐवजी ‘न्यूट्रल’ प्रकारचे घ्यावे.

झाकणे आणि गाडून टाकणे यांत भेद आहे. तारांचा सांधा कधीही प्लास्टरखाली जाऊ नये; तो जंक्शन बॉक्समध्येच असावा आणि बॉक्सचे झाकण उघडता आले पाहिजे. ट्रान्सफॉर्मर गरम होतो, कालांतराने बदलावाही लागतो. त्याला हवेशीर व हात पोहोचेल अशी जागा द्यावी. २३० व्होल्टची तार आणि काचेकडे जाणारी तार एकाच पाइपात कोंबू नये. साठ व्होल्ट म्हणजे काहीच नाही, असे ओल्या हाताने समजू नये. जेथे मुले राहतात तेथे तर मुळीच नाही. आरसीसीबी आणि अर्थिंग हवेच.

हे काम उत्तम झाले तर ते दिसतच नाही. ज्याचे काम दिसत नाही त्याची मजुरी कापण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. सुपे वा नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत उद्या काम करणाऱ्या मुलांनी आपला दर ठरवताना ती ध्यानात ठेवावी.

काच बंद करण्यापूर्वी ती दहा-वीस वेळा चालू-बंद करून पाहावी. उघड्या तारांची छायाचित्रे घ्यावीत. कोणती तार कोठून गेली याचा नकाशा काढून, त्यावर तारीख आणि काम करणाऱ्याचे नाव लिहून, तो इमारतीच्या कागदपत्रांत ठेवावा.