झाडापाशीच पकडलेली चूक

मोबाइलवर जंगलाची मोजणी सोपी होते असं सांगतात. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मोजणी करणाऱ्या गावच्या पोरांबरोबर हिंडलो तेव्हा कळलं, पायपीट तेवढीच राहते. बदलतं ते दुसरंच.

याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पुढे जिल्ह्यातल्या शेकडो ग्रामसभांना मिळाला. हक्क आला की व्यवस्थापनाचा आराखडा आला, आणि जंगलात काय उभं आहे हे ठाऊक नसताना आराखडा कसला करणार?

नकाशावर आधी ठरवलेल्या बिंदूपर्यंत फोन नेतो. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, पण दाट पानोऱ्याखाली बिंदू काही मीटर इकडेतिकडे सरकतो. तो स्थिरावेपर्यंत थांबायचं. मग खुंटी ठोकून १७.८४ मीटर त्रिज्येचं वर्तुळ टेपनं आखायचं. बरोबर एक दशांश हेक्टर. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे एकेक झाड घ्यायचं, जमिनीपासून १.३७ मीटरवर घेर मोजायचा. उतारावर ही उंची वरच्या बाजूनं धरायची. त्याखालीच दुभंगलेलं झाड दोन झाडं म्हणून लिहायचं.

मार्चमध्ये पानगळीनं जीपीएस सुधारतो, ओळख मात्र अवघड होते. येनाची साल मगरीच्या पाठीसारखी, ते कळतं. पुढच्या एका झाडाशी फोन धरलेला पोरगा अडला. “काका, ह्याचं काय लिहू?” बरोबरच्या काकांनी कोयत्यानं सालीला हलकीशी चीर दिली, लाल रस आला. “बिजा होय.” अशी ओळख कुठल्याही ॲपमध्ये नसते; ॲपमधल्या यादीत ती नीट उतरवून घेता येते, एवढंच.

पण खरी कमाई पुढे दिसली. एका धावड्याच्या १३० सेंटिमीटर घेराऐवजी ३१० टाइप झालं आणि ॲपमधला फॉर्म अडला: आकडा तपासा. टेप अजून खोडालाच होता. कागदी तक्त्यावरची हीच चूक महिन्याभरानं तालुक्याच्या ठिकाणी सापडली असती, तेव्हा कोणत्या धावड्याकडे परत जाणार? ओडीकेसारख्या माहिती गोळा करायच्या मोफत साधनात अशा अटी फॉर्म बनवतानाच घालता येतात. त्या घालायला बसलेला माणूस जंगलात फिरलेला असावा, असं मला ठामपणे वाटतं. अट फार आवळली तर खरोखरचा म्हातारा मोहही नाकारला जातो.

त्या वर्तुळात मोह होते, सगळे जाड घेराचे. आतल्या छोट्या वर्तुळात रोपं मोजली, त्यात मोहाचं एकही नव्हतं. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, त्यात कोवळी रोपं जातात. एका वर्तुळावरून निकाल काढता येत नाही. पण सगळ्या वर्तुळांत असंच निघालं, तर कोणत्या मोहाखाली आग लावायची नाही हे ग्रामसभेला ठरवावं लागेल.

म्हणूनच ही माहिती गावाच्या हाती राहिली पाहिजे. रेंजमध्ये आल्यावर फॉर्म सर्व्हरवर जातात, आणि पुष्कळदा तिथेच राहतात. इथल्या ग्रामसभेनं तक्ता उतरवून छापील प्रत दप्तरात ठेवायचं ठरवलं आहे, प्रत्येक खुंटीच्या अक्षांश-रेखांशासकट, म्हणजे पाच वर्षांनी फेरमोजणी करणाऱ्यांना तीच वर्तुळं सापडतील.